उंबराखालची संडे स्कूल

नवापूर तालुक्यातलं एक गाव. जूनमधला रविवार, सकाळचे आठ. चर्चमधली भक्ती दहाला आहे. त्याआधी संडे स्कूलच्या ताईंच्या मागे चिखल उडवत ही मुलं नाल्याकडे निघालीत. तिथं उंबर आहे.

उंबर नीट बघा. फळांचे घोस थेट खोडालाच लगडलेत. एका मुलीनं पिकलेलं उंबर फोडलं, आतून चिलटं उडाली. तिनं दोन फुंकरा मारल्या आणि खाऊन टाकलं.

ताई आज जक्कयाची गोष्ट सांगताहेत. यरीहोचा जकातदार, पैसेवाला, लोकांना नकोसा आणि अंगानं ठेंगणा. येशू गावातून चालला होता, गर्दीत काही दिसेना, म्हणून हा झाडावर चढला. मराठी बायबलात, लूकच्या 19व्या अध्यायात, ते झाड उंबराचंच आहे. तिकडची जात वेगळी, पण आपल्या उंबराची चुलत बहीणच. फळं तिच्याही खोडालाच धरतात.

"कोण चढतं?" ताईंनी विचारायचा अवकाश, चौघं वर.

"जक्कया, उतर खाली! आज तुझ्याकडे जेवायला येणार मी."

वरून एकजण ओशाळून म्हणतो, "ताई, आमच्याकडे आज नुसती भाकर अन् ठेचा आहे."

"चालेल की."

इथल्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, जुन्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी मिशनरी इकडे आले तेव्हा हा पश्चिम खानदेश होता; नंदुरबार जिल्हा झाला तो 1998 साली. आता मंडळी चालवणारे इथलेच, आणि शेतकरीच.

म्हणूनच पेरणाऱ्याच्या दाखल्यावर, म्हणजे येशूच्या बोधकथेवर, वर्ग अडला. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काट्यांत. एका मुलाला हे पटेना. "तिफणीनं पेरलं असतं तर वाटेवर कशाला पडलं असतं?"

प्रश्न रास्त आहे. तिफणीमागे चाललेलं पोर तो विचारणारच. बाकावर हाताची घडी घालून बसवलं असतं तर बहुधा गप्प राहिलं असतं. हा दाखला येशूनं सांगितला तो होडीत बसून, ऐकणारे काठावर उभे. बाकं आपण नंतर आणली.

ताईंनी उत्तर दिलं नाही, त्याला शेजारच्या वावरात नेलं. तिथं भाताचं रोप टाकणं चाललं होतं. म्हातारे बाबा मुठीनं बी फेकत होते, थोडं बांधावरही पडत होतं. दोन साळुंक्या तेवढंच टिपत होत्या. "तिकडं गहूसुद्धा असाच मुठीनं फेकायचे," ताई म्हणाल्या. पोरगं साळुंक्यांकडे बघत राहिलं.

दिवाळीनंतर हा वर्ग अर्ध्यावर येतो. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलंही त्यांच्याबरोबर. पाठ केलेली वचनं तिकडे किती टिकतात, ताईंना खात्री नाही. मागच्या उन्हाळ्यात परतलेल्या एका मुलानं मात्र सांगितलं, फडाच्या कडेला उंबर होतं. त्यानं धाकट्या भावाला जक्कय करून वर चढवलं. भाऊ खाली उतरेना.

"मग कसं उतरवलंस रे?"

"भाकर दाखवली."