मागे राहिलेला श्वास

नमस्कार, श्रोतेहो.

बाख या जर्मन संगीतकाराच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चं पियानोवादक ग्लेन गूल्डने १९८१ साली केलेलं ध्वनिमुद्रण मी पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकलं, तेव्हा मधेच उठून खोलीचं दार लावून आलो. कोणीतरी पलीकडे गुणगुणत होतं. दार लागलं, पुन्हा बसलो, तरी गुणगुणणं चालूच! तो गूल्डच होता. वाजवताना त्याला गळा आवरायचा नाही, आणि ध्वनिमुद्रकांनी कितीही खटपट केली तरी तो आवाज पुरता पुसला जायचा नाही. त्यात वडिलांनी करून दिलेली त्याची ती बुटकी खुर्ची. ती कुरकुरायची ते वेगळंच.

हीच रचना त्याने १९५५मध्ये, बाविसाव्या वर्षी मुद्रित केली होती. तेव्हा ती ३८ मिनिटांत संपली. १९८१ची चालते ५१ मिनिटं. दुसऱ्या खेपेला त्याने काही भाग दोनदा वाजवले, हे एक कारण. पण नुसता सुरुवातीचा आरिया, म्हणजे मूळ धून, लावून पाहा. तरुणपणी तो दोन मिनिटांच्या आत आटोपतो, पुढे तोच तीन मिनिटांवर जातो. १९५५च्या मुद्रणातली तडफ मला कळते, पण माझं मन विलंबितात रमतं. १९८२ साली हे दुसरं मुद्रण बाजारात आलं आणि थोड्याच दिवसांत गूल्ड गेला. पन्नास वर्षांचा होता.

माझा संग्रह पाहणारे चक्रावतात. ख्यालाशेजारी जॅझ, त्याला खेटून नव्वदच्या दशकातलं धडधडणारं नृत्यसंगीत. ‘तुझी आवड नक्की कुठली?’ असं विचारलं की मी बराच काळ गडबडायचो. मग लक्षात आलं, मी प्रकार बघून ऐकतच नाही. मुद्रणात माणूस राहून गेलाय का, एवढंच शोधतो.

म्हणूनच मला गौहर जान यांच्या तबकड्यांचा शेवट आवडतो. १९०२ साली कलकत्त्यात त्या भोंग्यासमोर गायल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. आवाजाच्या जोरावरच सुई हलायची आणि मेणात रेघ उमटायची. जेमतेम तीन मिनिटांत गाणं बसवायचं. तबकडी छापायला जर्मनीला जाणार, तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं, म्हणून शेवटी त्या ठणकावून सांगतात, ‘माय नेम इज गौहर जान’. गाण्याची नजाकत एका क्षणात बाजूला, आणि ही ऐट पुढे! मी कधीकधी तेवढ्यासाठीच पूर्ण तबकडी ऐकतो.

कुमार गंधर्वांच्या बाबतीत मी पक्षपाती आहे, आधीच कबूल करतो. क्षयाने त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद राहिलं. पुढे ते गायले ते छोट्या, झटकन सुटणाऱ्या स्वरसमूहांनी. आजाराने गायकी घडवली, असं सोपं उत्तर लोक देतात. मला ते पटत नाही. दम कमी पडतो म्हणून काही कोणी कुमार गंधर्व होत नाही. त्यांच्या निर्गुणी भजनांत दोन तुकड्यांच्या मधली जागा ऐका. तिथे तंबोरा एकटा असतो, आणि तरी गाणं थांबलेलं नसतं.

असाच अवकाश जॅझमधला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममध्ये सापडतो. गूल्डची दोन्ही मुद्रणं न्यूयॉर्कच्या ज्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत झाली, तिथेच १९५९ साली हेही झालं. मुळात ते एक जुनं चर्च. त्या छताखाली मायक्रोफोनला काय काय ऐकू आलं असेल!

आता तुम्ही म्हणाल, मग यंत्राचं संगीत याला आवडतं कसं? रोलँड कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाचं यंत्र काढलं. एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी, एवढाच हेतू. ते खऱ्या बेससारखं वाजेना, खपेना, लवकरच बंद पडलं. मग शिकागोतल्या पोरांनी पडीक यंत्रं उचलली, त्यांच्या खुंट्या नको तितक्या पिळल्या, आणि त्या किंचाळीतून ॲसिड हाउस हे नृत्यसंगीत जन्माला आलं. त्या पिळण्यात हात ऐकू येतो मला.

ऑटो-ट्यूनचंही, म्हणजे गळ्याचा बेसूर सुरात ओढणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच. अमेरिकन गायिका शेरने १९९८ साली ‘बिलीव्ह’ या गाण्यात ते उघडपणे, मुद्दाम वापरलं, त्याला माझी ना नाही. गुपचूप प्रत्येक स्वर इस्त्री करून ठेवतात, तेव्हा मात्र मी बंद करतो. ऑपेरा? तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा झोप लागली. त्यावर अधिक बोलत नाही.

सध्या मी सात सेकंदांत अडकलोय. १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या ‘आमेन, ब्रदर’मध्ये ग्रेगरी कोलमनने ड्रमचा एक छोटा तुकडा वाजवला. पुढे तो कापून, फिरवून, वेग वाढवून हजारो गाण्यांत वापरला गेला. इंग्लंडातलं ‘जंगल’ नावाचं वेगवान नृत्यसंगीत तर त्याच्यावरच उभं राहिलं. कोलमनला त्याचा मोबदला मिळाला नाही, २००६ साली तो वारला. काल रात्री मी मूळ गाणं लावलं. बाकीची वाद्यं थांबतात, तो एकटा वाजवतो, शेवटाकडे झांज जराशी उशिरा पडते. मग सगळे परत येतात आणि गाणं पुढे निघून जातं, जणू काही झालंच नाही.