चावी तुटली की आधी हात खिशात घाला

नमस्कार मंडळी. आज गाडीच्या चावीबद्दल बोलायचंय, म्हणजे तुटलेल्या चावीबद्दल. हसू नका, ज्याच्या हातात अर्धी चावी आलीये त्याला विचारा.

दोन वर्षांपूर्वीचा गणपती. डोंबिवलीहून पहाटे तीनला निघालो, गुहागरला जायचं होतं, गाडीत मी, बायको, मुलगी आणि आमची पंचाहत्तरीची काकू, आणि काकूच्या मांडीवर पूजेच्या सामानाची पिशवी जी ती शेवटपर्यंत डिकीत ठेवू देत नव्हती. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माणगावात काय अवस्था असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. अर्धा तास गाडी हलली नाही तेव्हा कंटाळून कडेला घेतली, उतारावर, चाकं वळवून लावली, वडापाव खाल्ला. आणि नेमकी तेव्हाच रांग सुटली. सगळे धावत गाडीत, मी चावी घातली, फिरवतोय तर फिरेना, मागून हॉर्नवर हॉर्न, मग लावला जोर. कट्. चावीचं काळं डोकं माझ्या हातात आणि पातं आत.

काकू म्हणाली, "झालं?" बस, एवढंच.

आता तिथे नेमकं काय झालं ते सांगतो, कारण हे मला नंतर कळलं आणि आधी माहीत असतं तर चावी वाचली असती. चावी काढल्यावर स्टिअरिंग थोडं हललं की आतला खटका पडतो आणि स्टिअरिंग लॉक होतं. चाकं वळलेली असली, गाडी उतारावर असली की टायरचा सगळा ताण त्या खटक्यावर येतो, खटका अडकतो आणि चावी फिरत नाही. अशा वेळी डाव्या हाताने स्टिअरिंग हलकंसं इकडेतिकडे हलवत उजव्या हाताने चावी फिरवायची, अगदी हळू, की सुटते. मी काय केलं, नुसती चावीच पिळली. आणि चावी तरी कुठे धड होती! महिनाभर आधी रंगाच्या डब्याचं झाकण मी तिनेच उचकटलं होतं, वाकली होती, पकडीने सरळ केली आणि विसरून गेलो. वाकलेली चावी सरळ दिसते पण ती सरळ झालेली नसते मंडळी, त्या जागी धातू थकलेला असतो, मानेशी जिथे पातं डोक्याला मिळतं तिथे बारीक चीर गेलेली असते. नखाने चाचपली तरी कळते. मी चाचपलीच नाही.

तर पातं आत. आता आपला पहिला विचार काय, की हातातला तुकडा परत आत घालावा, दोन्ही जुळतील आणि फिरेल. नका करू. आतला तुकडा आणखी आत जातो, मग चिमट्यालाही सापडत नाही. दुसरा विचार वडापावच्या गाडीवरच्या पोराने दिला, "काका, फेविक्विक लावा ना टोकाला, चिकटेल आणि ओढून काढा." त्या पोराचं मन चांगलं होतं हो. पण इग्निशनच्या लॉकमध्ये स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक बारीक पट्ट्या असतात, बरोबर चावी गेली की त्या सगळ्या एका रेषेत येतात आणि मगच आतलं नळकांडं फिरतं. त्यात फेविक्विकचा एक थेंब ओघळला की पट्ट्या चिकटल्या, मग चावीचा खर्च राहिला बाजूला, अख्खं लॉक बदला. एकजण चुंबक घेऊन आला होता. बहुतेक चाव्या पितळेच्या नाहीतर जर्मन सिल्व्हरच्या असतात, म्हणजे तांबं, निकेल, जस्त, नावात सिल्व्हर पण चांदी काही नाही, आणि चुंबकाला दोन्ही चिकटत नाहीत.

म्हणून मी म्हणतो की पहिली पाच मिनिटं हात खिशात घाला. फक्त एक बघा, लॉकचं भोक कुठल्या खुणेवर आहे. 'लॉक' लिहिलेल्या खुणेवर असेल तरच तुकडा बाहेर येतो. ऑनवर किंवा ॲक्सेसरीवर अडकलं असेल तर त्या पट्ट्या तुकड्याला धरून ठेवतात, कितीही ओढा. आधी बारीक स्क्रूड्रायव्हरने अलगद 'लॉक'च्या खुणेपर्यंत फिरवून आणावं लागतं, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पीवर, म्हणजे पार्कवर, हवा. माझ्या नशिबाने चावी फिरलीच नव्हती, त्यामुळे तुकडा जागच्या जागी होता.

मागच्या गल्लीत एक चावीवाले सरदारजी बसतात असं कुणीतरी सांगितलं. आपल्याकडे रस्त्याकडेला चाव्या करणारे बरेच जण शिकलगार असतात, पूर्वी हत्यारांना धार-पॉलिश करणारा समाज, शिकल म्हणजे तेच, आणि कानस हातात घेतल्यावर ते का ते कळतं. आले, आत टॉर्च मारला, जरासा स्प्रे मारला, आणि खिशातून लाकूड कापायच्या करवतीचं अगदी बारीक पातं काढलं. चावीच्या दात्यांच्या बाजूने ते आत सरकवलं, किंचित तिरकं केलं आणि ओढलं. तिसऱ्या ओढीला टोक बाहेर दिसलं, ते बायकोच्या भुवया कोरायच्या चिमट्याने धरलं, आलं बाहेर. मग दोन्ही तुकडे फळीवर जोडून ठेवले, कोऱ्या चावीवर त्यावरून कानशीने एकेक दाता घासला. वीस मिनिटं. मशीन नाही काही नाही.

नवीन चावी घातली, फिरली, सेल मारला, गाडी चालू झाली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि दोन सेकंदात गाडी बंद.

ही चिपची भानगड. आताच्या गाड्यांच्या चावीच्या डोक्यात, प्लास्टिकच्या आत, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप असते. इग्निशनभोवती तारेचं वेटोळं असतं ते तिला ओळखतं, ओळखलं नाही तर इमोबिलायझर गाडी चालूच राहू देत नाही. या चिपला सेलबिल लागत नाही, त्या वेटोळ्यातूनच तिला पुरेशी वीज मिळते, रिमोटचा सेल वेगळा. सरदारजी हसले, म्हणाले डोकं फेकलं तर नाही ना? नव्हतं फेकलं. ते इग्निशनला टेकवून मुलीच्या केसांच्या रबरबँडने बांधलं, तिच्या शेवटच्या रबरबँडने, त्यावरून जे झालं ते जाऊ दे. परत सेल मारला. चालू. तसेच गुहागरला गेलो, गणपतीचे पाच दिवस तसेच फिरलो, परत आल्यावर नव्या चावीत चिपची कॉपी करून घेतली.

म्हणून तुटली तर डोकं जपा. माझ्या एका मित्राने काय केलं, रिमोटचं कव्हर जुनं झालं म्हणून ऑनलाइन नवं मागवलं, आतली सर्किटची पट्टी काढून नव्यात बसवली आणि जुनं कव्हर कचऱ्यात. चिप त्या जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात खोचलेली होती. घंटागाडी गेल्यावर कळलं.

आणि त्या कीचेनचं काय करायचं तेही बघा. घराची चावी, ऑफिसची चावी, स्कूटरची, कपाटाची, वर बाटली उघडायचं आणि एक पितळी गणपती, एवढं सगळं इग्निशनला लटकत असतं, खड्ड्यागणिक हिंदकळतं. अमेरिकेत २०१४ साली जनरल मोटर्सला सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, मूळ दोष त्यांच्या इग्निशन स्विचचा होता, चावी जागेवर धरून ठेवणारा आतला खटका ढिला होता, जड कीचेनने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने चावी चालत्या गाडीत ऑनवरून मागे सरकायची, इंजिन बंद, स्टिअरिंग जड आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडत नव्हती. १२४ मृत्यूंची भरपाई द्यावी लागली. आपल्या गाडीत तो दोष नसेल हो, पण लॉक झिजतंच. गाडीची चावी एकटी ठेवा. आणि लॉक घट्ट लागायला लागलं तर तेल ओतू नका, तेलावर धूळ बसते, शिसपेन्सिलीचं शिसं चावीवर घासून आतबाहेर करा, तेच ग्रॅफाइट.

दुसरी चावी कुठे होती म्हणाल तर डोंबिवलीत, लोखंडी कपाटात, छान पिशवीत गुंडाळून. आता ती बायकोच्या पर्समध्ये असते. आणि तुटलेले दोन तुकडेही मी टाकलेले नाहीत, एका डबीत ठेवलेत, कारण गाडी चोरीला गेली तर विमेवाले दोन्ही मूळ चाव्या मागतात आणि तिथे "तुटली होती हो" म्हणून भागत नाही. काकूला ती डबी दिसली परवा. उघडून बघितली, म्हणाली, "यातल्या कुठल्या तुकड्याने डबा उघडला होतास?"

चला, नमस्कार.