तळहाताचा घाम

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या पावसाळ्यात एसटीने आंबा घाट उतरत होतो. पहिल्याच सीटवर जागा मिळाली होती, त्यामुळे ड्रायव्हरचे हात दिसत होते. एका वळणावर धुक्यातून अचानक ट्रक पुढ्यात आला. दोन्ही गाड्या कशाबशा निसटल्या. चेहऱ्यावरची रेषही न हलवता आमच्या ड्रायव्हरनी आधी एक तळवा खाकी पँटला पुसला, मग दुसरा.

हवा गार होती. तो घाम उकाड्याचा नव्हताच. तळहाताला आणि तळपायाला घाम फुटतो तो मुख्यतः मनावरच्या ताणाने. घाम खारट, आणि खारट ओलाव्यातून वीज सहज वाहते. म्हणून जाणवणारही नाही इतका बारीक प्रवाह कातडीतून सोडला, की माणूस किती ताणात आहे याचा अंदाज येतो.

अमेरिकेत बॉस्टनजवळ, एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जेनिफर हीली आणि रोझलिंड पिकार्ड यांनी हेच केलं, तेही खऱ्या रस्त्यावर. त्यांचा निबंध 2005 साली प्रसिद्ध झाला. चालकाच्या हातापायाला घामाचे सेन्सर, छातीवर हृदयाच्या ठोक्यांचे, श्वास मोजायला पट्टा, आणि खांद्याचा स्नायू किती आवळतो ते टिपणारा आणखी एक सेन्सर. आधी स्वस्थ विश्रांती, मग शहरातली गर्दी, मग हायवे. निदान 50 मिनिटांच्या अशा 24 फेऱ्यांची नोंद त्यांनी तपासली. ताणाशी सगळ्यात जवळचं नातं निघालं ते घामाचं आणि ठोक्यांचं.

ठोक्यांची गंमत सांगतो. शांत माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वास घेताना किंचित भरभर, सोडताना किंचित सावकाश, असा त्याचा झोका असतो. ताण वाढला की हा झोका आखडतो आणि हृदय खरोखरच घड्याळासारखं टकटकायला लागतं.

पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांवरून विश्रांती, हायवे आणि शहर या तीन पायऱ्या त्यांना 97 टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखता आल्या. आकडा मोठा आहे, पण त्याला भुलू नका. गाडी गर्दीत आहे की माणूस निवांत बसलाय, एवढंच त्यातून ओळखलं. अपघात होणार की नाही, हे नव्हे. शिवाय घाम ट्रकमुळे फुटला की घरून आलेल्या फोनमुळे, हे सेन्सरला काय कळणार? मला त्याचा उपयोग साधाच दिसतो. ताण चढलेला असताना गाडीतला फोन आपणहून गप्प राहिला, तरी पुष्कळ झालं.

साखरप्याला चहाला थांबलो, तेव्हा ड्रायव्हरना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"लावा की पट्टा," ते म्हणाले, "पण आकडा आधी कोण बघणार? मी का साहेब?"

तोवर कंडक्टर गाडीत चढून माणसं मोजायला लागला होता.