रंग कमी पडले तर

[दृश्य: फोंताइन्हास, पणजी. सकाळचं ऊन.]

पिवळी भिंत, निळ्या चौकटी, शेजारच्या घराला तांबडा. गोव्याच्या पर्यटनाची कुठलीही वेबसाइट उघडा, ही गल्ली भेटतेच. हाच फोटो आता नव्वदच्या दशकातल्या संगणकावर पाहू.

[दृश्य: तोच फोटो 256 रंगांत.]

भिंतीवर घामोळं उठल्यासारखे ठिपके. संगणक बिघडलेला नाही, त्याच्याकडे तेवढेच रंग आहेत.

कारण मेमरीचं. 640 बाय 480 च्या पडद्यावर 3 लाख 7 हजार 200 पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. 256 रंग हवेत तर प्रत्येक पिक्सेलला एक बाइट लागतो. 1987 साली आलेल्या व्हीजीए या चित्र दाखवणाऱ्या यंत्रणेची मेमरी 256 किलोबाइट, म्हणजे 2 लाख 62 हजार 144 बाइट. हिशेब बसत नाही, म्हणून या आकाराला 16 रंगांवर भागवावं लागे. पुढे 512 किलोबाइटची कार्डं आली आणि 256 रंग दिसू लागले. त्यातलेही 20 विंडोज स्वतःकडे राखून ठेवी.

[दृश्य: रंगांच्या चौकोनांचा तक्ता.]

म्हणून ब्राउझरवाल्यांनी उरलेल्या 236 मध्ये बसेल असा 216 रंगांचा तक्ता धरला. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या सहा पायऱ्या: 0, 51, 102, 153, 204, 255. सहा गुणिले सहा गुणिले सहा. हे रंग डोळ्यांना आवडले म्हणून कुणी निवडले नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे भडकच आहेत. पण या तक्त्याबाहेरचा रंग वापरला, की ब्राउझर जवळचे रंग ठिपक्याठिपक्यांनी मिसळून वेळ मारून नेई. हे डिथरिंग. फोटोत ते खपून जातं. लोगोच्या सपाट पट्ट्यात मात्र लगेच डोळ्यांवर येतं.

शिवाय फाइल फुगते. जिफ या चित्रांच्या फाइल-प्रकारात पुन्हा पुन्हा येणारे नमुने थोडक्यात साठवले जातात. सलग निळं आकाश असेल तर काम सोपं; त्यात ठिपके विखुरले की नमुना मोडतो. टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या चालीने चित्र उतरत असताना हा फरक पाहणाऱ्याला चांगलाच जाणवे. म्हणून फोटो जेपेग या दुसऱ्या फाइल-प्रकारात. लोगो, नकाशे, बटणं जिफमध्ये, तीही तक्त्यातल्या सपाट रंगांत.

[दृश्य: मोरजी, मोरजाईचं देऊळ. भिंतीवरची कावी.]

दोनच रंगांत काय होतं ते बघायचं तर मोरजीला यावं, कावी या भित्तिचित्रांसाठी. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर चढवायचा आणि सुकायच्या आत टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. छटा नाही, सावली नाही. कारागिराला सगळं सांगायचंय ते रेषेतून आणि मोकळ्या सोडलेल्या जागेतून. आम्ही कॅमेरा कृष्णधवल केला. पाकळी न् पाकळी मोजता येते.

[दृश्य: फोनवर गोव्याच्या किनाऱ्यांचा नमुना नकाशा. लाल आणि हिरवे ठिपके.]

आजच्या पडद्यावर 1 कोटी 67 लाख रंग दिसतात, मग ही चिंता कशाला? कारण कुणी फोन करड्या रंगांवर ठेवतो, कुणी ई-इंकच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर वाचतो, कुणाला लाल-हिरव्यातला फरकच नीट दिसत नाही. हा नकाशा आम्ही मुद्दाम बनवला. लाल म्हणजे समुद्रात उतरू नका, हिरवा म्हणजे हरकत नाही. आता करडा करू.

[दृश्य: सगळे ठिपके जवळजवळ सारखे.]

कळंगुट कुठलं, कोलवा कुठलं, हे नावावरून कळतं. धोका कुठे आहे, ते कळत नाही. वेबवरचा शुद्ध लाल आणि नेहमीचा हिरवा, यांच्या उजेडात फरक अगदी थोडा, 1.3 ला एक इतपत. अशा चिन्हांसाठी वेबच्या सुगम्यतेचे नियम शेजारच्या रंगाशी निदान 3 ला एक मागतात.

रंग बदलून थोडं भागेल. त्यापेक्षा लाल ठिपक्यात फुली घाला, हिरव्याला नुसतं कडं ठेवा, आणि बाजूला सरळ लिहा: ‘पोहू नका’. विंडोजची कॉन्ट्रास्ट थीम, म्हणजे मोजक्या ठळक रंगांची मांडणी, लावलेल्या माणसाकडे तर सीएसएसने (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने) भरलेला ठिपक्याचा रंग पोचतच नाही, कारण पार्श्वभूमीचा रंग त्याची थीम ठरवते. कडं पोचतं. अक्षरं पोचतात.