एक मशीन, दोन विद्यार्थी

(दृश्य : जुनी छायाचित्रं. छतावरून उतरणारे पट्टे, त्यांवर फिरणारी मशीनं.)

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं सिनसिनाटी. लेथ, मिलिंग मशीन, ड्रिल बनवणारं शहर. १९०६ साली इथल्या विद्यापीठातले अभियांत्रिकीचे अधिष्ठाता हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थी घेतले. एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात, आणि तेही पगारावर. विश्वस्तांनी परवानगी दिली ती एका वर्षापुरती. फसलं तर जबाबदारी आमची नाही, हे बजावूनच.

(दृश्य : लेथवर वाकलेला तरुण.)

या मशीनवर दोघांची जोडी आहे. एक वर्गात असतो, तेव्हा दुसरा इथे. मशीन रिकामं राहत नाही, म्हणून मालकाची तक्रार नाही. जोखीम असते ती पाळी बदलताना. त्यासाठी वर्गातला विद्यार्थी शनिवारीच कारखान्यात येई आणि मशीनवरचं काम कुठवर आलंय, कोणतं माप घ्यायचं राहिलंय, हे जोडीदाराकडून समजून घेई. एवढं चुकलं, तर सोमवारी माल भंगारात.

(दृश्य : ओतशाळा. साच्यात ओतला जाणारा धातू.)

आणि समन्वयक. हा कॉलेजातलाच प्राध्यापक. सकाळी वर्गावर, दुपारी कारखान्यांच्या फेरीवर. ओतशाळेत मुलगा जे करताना दिसला, ते पुढच्या आठवड्यात फळ्यावर : धातू थंड होताना किती आकसतो, साचा मोठा का ठेवायचा. समन्वयक नसला, की मुलाला महिनोन्‌महिने एकाच मशीनवर राबवतात आणि शेवटी प्रमाणपत्रावर शिक्का मारतात. आपल्याकडच्या कित्येक इंटर्नशिप अशाच उरकल्या जातात. उद्योगांशी केलेल्या करारांचे फोटो पुष्कळ निघतात. समन्वयकाचं पद भरायला मात्र पैसे नसतात.

श्नायडर १९२८ ते १९३२ या काळात विद्यापीठाचे अध्यक्ष होते.

(दृश्य : यलो स्प्रिंग्ज. अँटिओक कॉलेजची जुनी इमारत.)

याच राज्यात आर्थर मॉर्गन १९२० मध्ये अँटिओकचे अध्यक्ष झाले. १९१३ च्या महापुरानंतर डेटन परिसरात पूरनियंत्रणाची धरणं बांधणारे हे अभियंते. गाव लहान, नोकऱ्या दूरच्या शहरांत; आठवड्याची अदलाबदल इथे जमणारच नव्हती. म्हणून पाळ्या लांब. साहित्य, इतिहास शिकणाऱ्यांनाही काम करावंच लागे. श्नायडर यांना कसलेला अभियंता हवा होता, मॉर्गन यांना नोकरीतून सबंध माणूस घडवायचा होता.

१९०९ मध्ये बॉस्टनमध्ये आजच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठानं आणि १९५७ मध्ये कॅनडात वॉटर्लूनं ७४ विद्यार्थ्यांनिशी हीच पद्धत उचलली.