दुखणं तिथेच, त्रास मात्र कमी

"आता थोडं दुखेल हं." सुई टोचायच्या आधी हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण 2005 साली अमेरिकेत काही संशोधकांनी प्रत्यक्ष उपचारांचं चित्रीकरण बारकाईनं तपासलं, तेव्हा वेगळंच दिसलं. 'टोचेल', 'आग होईल' अशी आगाऊ कल्पना दिलेल्या रुग्णांना वेदना कमी नाही, उलट जास्त जाणवली होती.

म्हणजे शब्द वेदनेपर्यंत पोहोचतात. शब्दांनी ती वाढत असेल, तर कमीही करता येईल का?

संमोहन हा तसाच एक प्रयत्न. संमोहन म्हटलं की रंगमंचावरचे खेळ आठवतात. ते बाजूला ठेवू. उपचारातल्या संमोहनात रुग्ण झोपलेला नसतो. त्याला आवाज ऐकू येतात, नको असेल तेव्हा तो डोळे उघडू शकतो. होतं एवढंच, की त्याचं लक्ष हळूहळू एका जागी गोळा होतं. श्वासावर, एखाद्या आवाजावर, आवडत्या आठवणीवर. बाकीचं मागे सरतं. आणि मग सूचना दिल्या जातात.

या सूचनांमध्येच खरं कौशल्य आहे. "तुम्हाला दुखत नाही" असं कुणी म्हणत नाही. ज्याला दुखतंय त्याला ते पटणार कसं? त्याऐवजी सांगितलं जातं की हात थंड पाण्यात आहे, बोटं बधिर होत आहेत, तो बधिरपणा मनगटापर्यंत चढतोय. मग तोच हात दुखऱ्या जागी ठेवायचा आणि बधिरपणा तिकडे उतरू द्यायचा. कुणाला ठणक्याच्या जागी नुसता दाब जाणवायला सांगतात, कुणाला आग होत असेल तिथे गारवा. एखाद्याची वेदना पाठीतून सरकवत तळहातावर आणली जाते, जिथे ती सोसायला सोपी जाते.

हे ऐकून मनात शंका येते: वेदना खरंच कमी होते, की माणूस फक्त तसं म्हणतो?

1997 साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी या शंकेला थेट हात घातला. संमोहित व्यक्तींचा हात त्यांनी 47 अंश सेल्सिअस तापमानाच्या, चांगल्याच चटका देणाऱ्या पाण्यात ठेवला आणि त्याच वेळी मेंदूचं स्कॅन केलं. सूचना वेदनेच्या तीव्रतेबद्दल नव्हत्या, तिच्या त्रासाबद्दल होत्या. एकदा त्रास वाढेल अशी सूचना, एकदा कमी होईल अशी. पाणी तेच, तापमान तेच. कुठे चटका बसतोय, किती बसतोय, हे नोंदवणारा मेंदूचा भाग जवळपास तसाच राहिला. बदल झाला तो मेंदूच्या मध्यभागी, पुढच्या बाजूला असलेल्या सिंग्युलेट कॉर्टेक्समध्ये. वेदना नकोशी वाटण्याशी या भागाचा जवळचा संबंध आहे. त्रास जितका बदलला, तितकं तिथलं कामही बदललं.

माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वात मोलाचा धागा. वेदना एकसंध नसते. जाणीव असते आणि तिचा जाच असतो, आणि हे दोन्ही काही प्रमाणात वेगळे करता येतात. पुढच्या प्रयोगांत तीव्रतेबद्दल सूचना दिल्यावर जाणीव नोंदवणाऱ्या भागातही बदल दिसला. शब्द बदलले, तसा मेंदूतला परिणाम झाला.

आता थोडं मागे जाऊ. 1845. भूल देणारं ईथर अजून जगासमोर यायचं होतं. बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश सर्जननं तुरुंगाच्या रुग्णालयातल्या एका कैद्यावर, मेस्मेरिझमच्या, म्हणजे अंगावरून हात फिरवत राहण्याच्या जुन्या पद्धतीनं गुंगी आणून, शस्त्रक्रिया केली. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्यासाठी स्वतंत्र रुग्णालयही सुरू झालं. त्याच्या नोंदी थक्क करणाऱ्या आहेत, पण वाचताना एक गोष्ट विसरू नये: कैद्याला नाही म्हणायची, ओरडायची कितीशी मोकळीक असणार? ऑक्टोबर 1846 मध्ये बोस्टनला ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, पाठोपाठ क्लोरोफॉर्म आलं, आणि तासन् तास हात फिरवत बसण्याची गरज उरली नाही.

पण संमोहन शस्त्रक्रियागृहातून कायमचं गेलं नाही. बेल्जियममधल्या लिएज इथे 1992 पासून शस्त्रक्रियांमध्ये ते वापरलं जातंय, पुढे थायरॉइडच्याही. जागेवरची भूल आणि अगदी हलकं औषध सोबत असतंच. रुग्ण आधीच एक सुखद आठवण निवडतो आणि भूलतज्ज्ञ त्याला बोलत बोलत तिथे नेतो. 2000 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 241 रुग्णांवरचा अभ्यास आला. रक्तवाहिन्यांवरचे आणि मूत्रपिंडावरचे उपचार, रुग्ण जागे. नेहमीच्या पद्धतीत वेळ जाईल तशी वेदना चढत गेली. स्वसंमोहन शिकवलेल्या गटात ती वाढली नाही. औषध निम्म्याहून कमी लागलं आणि सरासरी 78 मिनिटांचं काम 61 मिनिटांत झालं.

सगळ्यांना हे सारखं साधत नाही. 1959 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संमोहनक्षमता, म्हणजे कोण किती संमोहित होऊ शकतो हे, मोजण्याची पट्टी तयार झाली. 25 वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासलं, तर बहुतेकांचे गुण आधीच्या जवळपासच निघाले. काही जण पटकन रंगतात, काहींवर जवळपास परिणाम होत नाही, बहुतेक मधले. त्यात भोळेपणा किंवा कमकुवत मन असा काही भाग नाही. परिणाम झाला नाही, तर तो रुग्णाचा दोषही नाही.

वर्षानुवर्षं पाठ धरलेल्या, सांधे ठणकणाऱ्या माणसाला रोज कुणी संमोहित करायला येणार नाही. म्हणून त्याला स्वसंमोहन शिकवतात: ठरलेला श्वास, ठरलेलं वाक्य, काही मिनिटं, रोज. दुखणं पूर्ण जाईलच असं नाही, पण झोप लागते, चार पावलं जास्त चालवतं. ज्याला हे मिळालंय, त्याला ते थोडं वाटत नाही.

मात्र छातीत अचानक कळ आली, पोटात नवीन दुखू लागलं, डोकं कधी नव्हे इतकं ठणकलं, तर आधी डॉक्टर. त्या वेदनेला गप्प करायचं नसतं, तिचं कारण शोधायचं असतं. ते कळल्यावरही सूचना देणारी व्यक्ती प्रशिक्षित डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ आहे ना, हे विचारून घ्यावं, आणि चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत.