साखळीला बांधलेली सुरी

(दृश्य: काशगर, खाटकाचं दुकान)

सुरी नीट पाहा. मुठीपाशी कडी, कडीत साखळी, आणि साखळीचं दुसरं टोक ओट्याला ठोकलेलं. खाटकाचा हात साखळी पोचेल तेवढाच पोचतो. पात्यावर कोरलेला बारीक चौकोन म्हणजे क्यूआर कोड. तो स्कॅन केला की सुरी कोणाची ते कळतं. ही दृश्यं करोनाच्या आधीची आहेत, चीनच्या पश्चिम टोकाला असलेल्या शिनजियांगमधली.

(दृश्य: यंगिसार, भट्टी आणि कारागीर)

काशगरहून यार्कंदच्या वाटेला लागलं की यंगिसार येतं. इथल्या सुऱ्यांचं नाव दूरवर आहे. पोलाद तापवायचं, ठोकायचं, पुन्हा तापवायचं. पात्याला पाणी दिलं की मूठ बसते. मूठ शिंगाची किंवा हाडाची, वर पितळेची नक्षी. उइगर म्हणजे इथली तुर्की वळणाची भाषा बोलणारी मुस्लिम जमात. उइगर पुरुषाच्या कमरेला ही सुरी असायचीच. खरबूज कापायला तीच, मांस कापायलाही तीच. आपल्याकडे शेतकऱ्याच्या हातात विळा दिसावा, इतकी ती साधी गोष्ट होती.

(दृश्य: इद काह मशीद, समोरचा चौक)

ही काशगरची इद काह मशीद, १४४२ सालची. इथले इमाम जुमे ताहिर सरकारच्या बाजूने बोलत. ३० जुलै २०१४ ला पहाटेची नमाज आटोपून ते बाहेर पडले आणि त्यांना भोसकून मारण्यात आलं. त्याच वर्षी १ मार्चला दूर दक्षिणेकडच्या कुनमिंगच्या रेल्वे स्थानकावर सुरे घेऊन आलेल्या उइगर टोळीने ३१ जणांचा जीव घेतला. मे महिन्यात शिनजियांगची राजधानी उरुमचीच्या बाजारात गाड्या घुसवून स्फोट केले गेले, त्यात ३९ जण गेले. हा सगळा चीनचा बनाव आहे असं म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी आमचं जमत नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रं)

भांडण मात्र जुनं आहे. नोव्हेंबर १९३३ मध्ये याच काशगरात पूर्व तुर्कस्तानचं (शिनजियांगला फुटीरांनी दिलेलं नाव) प्रजासत्ताक जाहीर झालं आणि काही महिन्यांत बुडालं. १९४४ मध्ये उत्तरेकडे गुल्जाला दुसरं उभं राहिलं, सोव्हिएत संघाच्या जोरावर. १९४९ मध्ये मॉस्कोने माओंशी जुळवून घेतलं, आणि तेही संपलं. पुढे बिंगतुआन आलं, म्हणजे सैनिकांनाच शेतकरी करून वसवणारी संघटना. १९४९ मध्ये हान, म्हणजे चीनच्या बहुसंख्याकांची, वस्ती दहा टक्क्यांच्याही आत होती, आज ती चाळीसच्या वर आहे. जुलै २००९ मध्ये उरुमचीत दंगल पेटली. सरकारी आकडाच १९७ मृतांचा आहे.

(दृश्य: तपासणी नाके, कॅमेरे, चेहरा ओळखणारी यंत्रं)

मे २०१४ च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ‘कठोर प्रहार’ मोहीम जाहीर झाली. तिला खरी धार आली ती ऑगस्ट २०१६ मध्ये, तिबेटमधून छन छुआंगुओ कम्युनिस्ट पक्षाचे इथले सचिव म्हणून आले तेव्हा. मग चौकाचौकात पोलीस चौकी, बाजारात शिरताना ओळखपत्र आणि चेहऱ्याची तपासणी, रस्त्यात थांबवून मोबाइलची झडती. सगळी माहिती एका संगणक प्रणालीत जमा होऊ लागली, आणि संशयित कोण हे ती प्रणाली सांगू लागली. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संस्थेने २०१९ मध्ये तिचं पोलिसांचं ॲप उलगडून पाहिलं. वीज जास्त वापरणारा, पुढच्या दाराने न जाणारा, शेजाऱ्यांत न मिसळणारा, असे सगळे यादीत. खाटकाचं दुकान आपण पाहिलंच.

दहा लाख किंवा त्याहून जास्त माणसं कोंडून ठेवण्याच्या छावण्यांत गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. चीन त्यांना प्रशिक्षण केंद्रं म्हणतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ असू शकतात असं नोंदवलं.

(दृश्य: काराकोरम महामार्ग, खुंजेराब)

हा रस्ता पाकिस्तानात उतरतो. पूर्व तुर्कस्तान इस्लामिक चळवळ या सशस्त्र उइगर गटाचा म्होरक्या हसन महसूम २००३ मध्ये दक्षिण वझिरिस्तानात पाकिस्तानी लष्कराच्या कारवाईत मारला गेला. नंतर या गटाचे लढवय्ये सीरियात इदलिबपर्यंत पोचले. धोका खोटा नव्हता. पण तो मूठभरांचा होता, आणि बेड्या सव्वा कोटींच्या जमातीला पडल्या.

चीन, रशिया आणि मध्य आशियाई देशांच्या शांघाय गटाने दहशतवाद, फुटीरतावाद आणि अतिरेकीपणा एकाच करारात बांधले जून २००१ मध्ये, न्यूयॉर्कचे मनोरे पडण्याच्या तीन महिने आधी. शेजारी तेव्हापासून गप्प आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत, प्रश्न एवढाच होता, की मानवाधिकार कार्यालयाच्या त्या अहवालावर चर्चा घ्यायची का? १७ बाजूने, १९ विरोधात. विरोधकांत पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, कझाकस्तान. ११ तटस्थ, त्यांत भारत.

(दृश्य: नकाशा, होतान आणि अक्साई चीन)

डिसेंबर २०२४ मध्ये चीनने याच शिनजियांगच्या होतान विभागात दोन नवे तालुके जाहीर केले. त्यांतला काही भाग लडाखचा. दिल्लीचा निषेध आठवड्याभरात गेला.